एस२१ एफई अजून वापरावा की आयफोन १७, पिक्सेल १० किंवा गॅलेक्सी एस२५ घ्यावा?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. सध्या सॅमसंग गॅलेक्सी एस२१ एफई वापरते आहे. २०२२ साली घेतलेला, १२८ जीबीचा, एक्झिनॉस २१०० चिपवाला. तक्रारी चार:

सकाळी सातला पूर्ण भरलेली बॅटरी दुपारी दोनपर्यंत २० टक्क्यांवर येते. पावसाळा सुरू झाल्यापासून चार्जिंगची पिन लावली की अधूनमधून पाण्याच्या थेंबाचे चिन्ह येते आणि चार्जिंग थांबते. साठा भरत आलाय, ९ जीबी उरलेत. आणि रात्रीचे फोटो, म्हणजे दिवाळीतले नरकासुराचे पुतळे, शिगम्याचा (गोव्यातल्या होळीच्या उत्सवाचा) रोमटामेळ, म्हणजे नाचत जाणारी मिरवणूक, जत्रा, हे हलत्या माणसांचे फोटो फिसकटतात.

घर चिऱ्याच्या जाड भिंतींचे आहे, आत ५जी जवळजवळ नाहीच. नव्या फोनने हे सुधारेल का, हाही प्रश्न आहे.

बजेट ८० हजारांच्या आसपास. आयफोन १७, पिक्सेल १० आणि गॅलेक्सी एस२५ बघून ठेवलेत. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून कमी झाला, म्हणजे दिवाळीला फोन स्वस्त होतील असे दुकानदार म्हणतो. थांबू की आताच घेऊ?

चार्जर_आणि_चिरा

आधी जीएसटीचे. २२ सप्टेंबरला एसी, मोठे टीव्ही, डिशवॉशर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइल आधीही १८ टक्क्यांवर होता, आजही १८ वरच आहे. दिवाळीला जी काही सूट दिसेल ती कंपनीची, बँकेच्या कार्डाची किंवा जुना फोन देण्याची असेल. कराच्या आशेने थांबू नका.

आता तुमच्या चार तक्रारी. पहिल्या तीन दुरुस्त होणाऱ्या आहेत, त्यांच्यासाठी ८० हजार घालायची गरज नाही.

बॅटरी. एस२१ एफईची बॅटरी ४५०० एमएएच. सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये सपोर्टच्या पानावर फोन डायग्नॉस्टिक्स आहे, त्यात बॅटरी स्टेटस बघा. ते ढोबळ असते, म्हणून जोडीला ॲक्यूबॅटरी हे बॅटरी मोजणारे ॲप टाका आणि चार-पाच वेळा १५-२० टक्क्यांपासून १०० पर्यंत सलग चार्ज करा. एका वेळच्या आकड्यावर जाऊ नका, सरासरी धरा. अंदाज ३६०० एमएएचच्या खाली आला, म्हणजे मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली, तर बॅटरी बदलायची वेळ झाली. साडेतीन वर्षांच्या फोनला हे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे उष्णता आणि स्कूटरवर उन्हात लावलेला फोन यांनी लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य आणखी घटते. आकडा ४००० च्या वर आला तर मात्र दोष बॅटरीचा नाही. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर कोणते ॲप मागे चालत राहते ते शोधा.

थेंबाचे चिन्ह. यूएसबी-सीच्या खाचेत ओलावा जाणवला की फोन मुद्दाम चार्जिंग बंद करतो. ते बरोबरच आहे. खारट ओलाव्यात विजेची पिन आणि ग्राउंडची पिन यांच्यात प्रवाह सुरू होतो आणि तांबे झिजायला लागते. टॉर्चच्या उजेडात खाचेत ठिपके पाहा: हिरवट किंवा काळे असतील तर झीज सुरू झालीय. उपाय असा: फोन बंद करा, खाच खाली करून तळहातावर हलके टिचवा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा. कोरडे झाल्यावर लाकडी टूथपिकने कडेचा कापसासारखा मळ काढा, मधल्या पातळ जिभेला ढोसू नका. मग मऊ ब्रशला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावून फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. तांदळाच्या डब्यात फोन ठेवू नका, पीठ आत जाते. हेअर ड्रायरही नको, गरम हवेने आतला डिंक सैल होतो. केबलचे टोकही तपासा, कित्येकदा काळे पडलेले तेच असते आणि माणूस फोनला दोष देतो. तोवर वायरलेस चार्जिंग वापरा, तुमच्या फोनात आहे.

साठा. या फोनात मेमरी कार्डाची सोय नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज स्टोरेज उघडा, ५ एमबीहून मोठ्या फायली वेगळ्या दिसतात. चवथीच्या आरत्यांचे तेच व्हिडिओ दहा गटांतून आलेले सापडतील. किमान १२-१५ जीबी मोकळे ठेवा, त्याखाली गेले की फोन अडखळतो आणि अपडेटही धड बसत नाही.

चिऱ्याच्या भिंती. हा प्रश्न फोनचा कमी आणि लहरींचा जास्त. ५जीची ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची पट्टी जाड भिंतीत लवकर मरते. जिओकडे ७०० मेगाहर्ट्‌झची पट्टी आहे, ती आत जास्त पोचते. आठ दिवस दुसरे सिम घालून बघा, नवा फोन घेण्यापेक्षा ते स्वस्त. घरी फायबर असेल तर सेटिंग्जमधून वाय-फाय कॉलिंग चालू करा, निदान फोनवर बोलण्याचा त्रास त्या दिवशीच संपतो.

सुरक्षा_पॅच

वरचे सगळे मान्य, पण एक तारीख राहिली आणि माझ्या मते निर्णय तिच्यावर आहे.

एस२१ एफई जानेवारी २०२२ मध्ये अँड्रॉइड १२ घेऊन आला. चार मोठी अपडेट्स आणि पाच वर्षे सुरक्षा पॅच असे वचन होते. म्हणजे अँड्रॉइड १६ हे शेवटचे मोठे अपडेट आणि पॅच साधारण जानेवारी २०२७ पर्यंत. बॅटरी बदललीत तर तोवर निर्धास्त. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचे ॲप आहे तो त्यानंतर वापरू नये, याबाबत मी ठाम आहे.

नवे तीन फोन याच मापाने मोजा:

पिक्सेल १० ऑगस्ट २०२५ चा, सात वर्षे अपडेट्स, बाजारात आला तेव्हा ७९,९९९ रुपये, २५६ जीबी. वर्षाला साधारण ११,४०० रुपये पडतात.

गॅलेक्सी एस२५ जानेवारी २०२५ चा. वचन सातच वर्षांचे, पण घड्याळ बाजारात आल्यापासून चालू आहे, म्हणून २०२५ च्या शेवटी घेतलात तर सव्वासहा वर्षे उरतात. २५६ जीबीची मूळ किंमत ८०,९९९. तितकेच मोजलेत तर वर्षाला सुमारे १३ हजार. म्हणून हा फोन मूळ किमतीला घेऊच नका, चांगली सूट असली तरच.

आयफोन १७ सप्टेंबर २०२५ चा, बाजारात आला तेव्हा ८२,९०० रुपये, सुरुवातच २५६ जीबीपासून. ॲपल सात वर्षे असा आकडा जाहिरातीत देत नाही, पण २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चे आयओएस २६ मिळाले, यावरून अंदाज येतो.

आता प्रत्यक्ष वापर. एस२५ चे वजन १६२ ग्रॅम, हातात सुटसुटीत, चिप (स्नॅपड्रॅगन ८ एलीट) जबरदस्त वेगवान. पण बॅटरी ४००० एमएएच, म्हणजे तुमच्या आताच्या फोनहून लहान. चिप कमी खाते म्हणून दिवस निघतो, मात्र उन्हात नकाशा लावून फोंड्याहून पेडण्याला जाऊन येणाऱ्याने जवळ पॉवर बँक ठेवावी. चार्जिंग तेच २५ वॉटचे, तुमचा सध्याचा चार्जर चालेल.

पिक्सेल १० मध्ये ४९७० एमएएच, पण वजन २०४ ग्रॅम. टेन्सर जी५ चिप आता टीएसएमसी या तैवानी कंपनीकडे ३ नॅनोमीटरवर बनते. खेळासाठी ही चिप स्नॅपड्रॅगन ८ एलीटच्या मागेच आहे, रोजच्या कामात ते जाणवणार नाही. एक गोष्ट खरेदीआधी माहीत हवी: २०० चार्ज-चक्रांनंतर हा फोन बॅटरीचे कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करत जातो, १००० चक्रांपर्यंत, आणि ते बंद करता येत नाही. बॅटरी जास्त टिकावी म्हणून केलेली ही सोय आहे, पण दोन वर्षांनी बॅटरी थोडी लवकर उतरली तर घाबरू नका.

आयफोन १७ मध्ये प्रथमच साध्या मॉडेलला १२० हर्ट्‌झचा पडदा आला. उन्हात ३००० निट्सपर्यंत उजळतो, मिरामारच्या वाळूवर भर दुपारी वाचता येईल असा. टेलिफोटो (लांबचे जवळ आणणारी) लेन्स मात्र नाही. यूएसबी-सी आहे पण वेग यूएसबी २ चाच, मोठे व्हिडिओ केबलने संगणकावर उतरवणाऱ्याला वेळ लागतो. तिन्ही डब्यांत चार्जर नाही.

फोटोंबद्दल जरा सविस्तर, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. दुकानात लोक झूमचा आकडा बघतात. पिक्सेल १० ला ५ पटींची लेन्स आहे, एस२५ ला ३ पटींची. दोन्हींचे सेन्सर छोटे. दिवसा देवळाचा दीपस्तंभ किंवा समुद्रावरची होडी सुरेख येते. रात्री त्याच लेन्सला प्रकाश पुरत नाही, मग फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून देतो. आणि पिक्सेल १० चा मुख्य सेन्सर पिक्सेल ९ च्या सेन्सरहून लहान केलेला आहे, टेलिफोटो दिली ती त्याच्या बदल्यात.

रोमटामेळ फिसकटतो त्याचे कारण नाइट मोड. तो सेकंद-दोन सेकंद प्रकाश गोळा करतो. नरकासुर उभा आहे तोवर ठीक, नाचवायला घेतला की संपले. तुमच्या आताच्या फोनवरच हे करून बघा: नाइट मोड बंद, झूम १ पट, प्रो मोडमध्ये शटर १/१२५, आयएसओ १६०० पर्यंत सोडा. फोटो थोडा दाणेदार येईल पण माणूस स्पष्ट. जत्रेत होमखणावरून (पेटत्या निखाऱ्यांवरून) जाणाऱ्या धोंडांचे, म्हणजे व्रतस्थ भक्तांचे, फोटो काढताना उलटे करा: निखारे फार उजळ असतात, पडद्यावर निखाऱ्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढा, नाहीतर आग पांढरी पडते आणि चेहरे मातीच्या रंगाचे. या कामात तिघांत आयफोन १७ पुढे आहे असे माझे मत, विशेषतः व्हिडिओत. स्थिर दृश्य आणि माणसांच्या त्वचेचा रंग यांत पिक्सेल.

फोंडेकरीण

मनापासून आभार. खाच बघितली, एका पिनेवर हिरवा ठिपका आहे. ॲक्यूबॅटरी लावलेय.

दोन प्रश्न वाढले. भावोजी डिसेंबरात दुबईहून गोव्यात मोपा विमानतळावर उतरणार आहेत, ते आयफोन १७ आणतो म्हणतात. तिथे स्वस्त पडेल का? आणि कोणीतरी वनप्लस १३एस सुचवला, ५५ हजारांत मिळतो.

गॅस्केट

दुबईच्या फोनबद्दल आधी सांगतो, कारण आपल्याकडे घरटी एक माणूस आखातात आहे आणि दिवाळी-नाताळला हेच होणार.

आयफोन १७ सगळ्या देशांत एकसारखा नाही. भारतातल्या फोनात एक नॅनो सिम आणि ई-सिम (फोनातच बसवलेले, काढता न येणारे सिम) चालते. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, जपान आणि संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन इथे विकला जाणारा आयफोन १७ फक्त ई-सिमचा, त्याला सिमचा खणच नाही. भारतात जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन आयडिया) ई-सिम देतात, त्यामुळे फोन चालेल. बीएसएनएल असेल तर आधी त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या, फोन आल्यावर नव्हे. ई-सिमची अडचण फोन बिघडल्यावर कळते: सिम काढून घरातल्या जुन्या फोनात घालता येत नाही, नव्याने काढावे लागते, आणि सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे बँकेचे ओटीपीही बंद. दुरुस्तीचे म्हणाल तर फोन ज्या देशात विकला तिथेच वॉरंटी देण्याचा हक्क ॲपलने आपल्याकडे ठेवला आहे. किमतीत सीमाशुल्क धरा, भारतातल्या बँक-सवलतीची किंमत बाजूला लिहा, मग फरक बघा. फरक पाच-सात हजारांचा असेल तर भारतातलाच घ्या, असे मी सांगेन.

वनप्लस १३एस. चिप तीच स्नॅपड्रॅगन ८ एलीट, बॅटरी ५८५० एमएएच, ८० वॉट चार्जिंग. बॅटरीसाठी यादीत उत्तम. पण अतिरुंद लेन्स नाही, सुरक्षा पॅच सहा वर्षे, मोठी अपडेट्स चार, आणि पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा आयपी६५. तुमचे तिन्ही फोन आयपी६८ आहेत. आकड्याचा अर्थ समजून घ्या: दुसरा अंक ५ म्हणजे पाण्याची धार सोसतो, ८ म्हणजे बुडणेही सोसतो. जूनमध्ये रेनकोटच्या खिशात पाणी साचते, तिथे हा फरक लागू पडतो.

आणि ८ अंकही गोड्या पाण्यासाठी, नव्या फोनच्या चाचणीतला आहे. समुद्राचे पाणी त्यात नाही. फोन खाऱ्या पाण्यात पडलाच तर बंद करून नळाच्या संथ पाण्याखाली धुवा, मग सुकवा. मीठ आत वाळू दिले की हवेतला दमटपणा शोषून ते पुन्हा ओले होते, आणि झीज महिनोन् महिने चालू राहते. पाणी आत गेल्याची दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.

पहिल्या उत्तरात बॅटरी बदलायचे सांगितलेय, त्यात एक भर. मागचे झाकण उघडले की कडेचा चिकट पट्टा फाटतो. तो नवा लावला नाही तर तुमचा आयपी६८ फोन साधा फोन होतो. बाजारातले कितीतरी कारागीर जुनाच पट्टा दाबून देतात किंवा नुसता डिंक लावतात. अधिकृत केंद्रात द्या, नवीन पट्टा आणि मूळ बॅटरी बिलावर लिहून घ्या, जलरोधक चाचणी करतात का विचारा. त्याच फेरीत चार्जिंगच्या खाचेची पाटीही (छोटे सर्किट बोर्ड) दाखवा. हिरवा ठिपका आहे म्हणता, तर बॅटरी बदलून खाच तशीच ठेवणे म्हणजे अर्धे काम. पिक्सेलकडे कल असेल तर जवळचे दुरुस्ती केंद्र कुठे आहे ते गुगलच्या सपोर्ट पानावर खरेदीआधी बघा. गोव्याबाहेर कुरिअरने पाठवावा लागला तर आठवडाभर दुसरा फोन लागेल.

स्कूटरच्या हँडलला फोन लावत असाल तर रबरी धक्काशोषक असलेला धारक घ्या. कॅमेऱ्यातली लेन्स चुंबकावर तरंगती असते, सततच्या थरथरीने ती बिघडते आणि मग फोटोच फिसकटतात. ॲपलने स्वतः तशी सूचना दिलेली आहे.

डिचोलीचो

एक तारीख आणखी. एस२३ आला १ फेब्रुवारी २०२३ ला, एस२४ १७ जानेवारी २०२४ ला, एस२५ २२ जानेवारी २०२५ ला. नवा आला की जुन्याची किंमत उतरते. एस२५ च हवा असेल तर तेव्हा घ्या. फक्त तेव्हा अपडेटची वर्षे पुन्हा मोजा.

फोंडेकरीण

ॲक्यूबॅटरीचा अंदाज पाच चार्जनंतर ३३८० आला. तर बॅटरी आणि खाच आता करून घेते, दुबईच्या फोनला नको म्हणून कळवते आणि फेब्रुवारीत एस२५ व आयफोन १७ च्या किमती पुन्हा बघते. पुढे आयफोनच घेतला तर व्हॉट्सॲप आणि यूपीआय हलवताना काय चुकते, ते सांगून ठेवाल का?

सुरक्षा_पॅच

अँड्रॉइडवरून आयफोनवर: गुगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आयफोन वाचत नाही. मूव्ह टू आयओएस हे ॲप जुन्या फोनवर टाका, आयफोन पहिल्यांदा सुरू करताना त्याचा कोड घाला, यादीत व्हॉट्सॲप निवडा. आयफोन कोराच हवा. आधी सुरू करून वापरायला घेतलात तर पुसून पुन्हा करावे लागते, बरेच लोक इथेच अडकतात. दोन्ही फोन चार्जरला, एकाच वाय-फायवर, जुन्या फोनचा पडदा चालू ठेवा. मेसेज जसेच्या तसे दिसत आहेत याची खात्री होईपर्यंत जुना फोन पुसू नका.

एस२५ घेतलात तर स्मार्ट स्विच, आणि व्हॉट्सॲपमध्येच चॅट हलवण्याचा क्यूआर कोड आहे. सोपे काम.

यूपीआय: ज्या नंबरवर खाते आहे ते सिम नव्या फोनात हवे आणि त्यातून एसएमएस जायला हवा, नोंदणी त्यावरच होते. नव्या फोनवर पहिले २४ तास सहसा ५००० रुपयांची मर्यादा असते, आयफोनवर काही बँका ७२ तास ठेवतात. म्हणून धनत्रयोदशीला किंवा मुलांच्या फीच्या शेवटच्या दिवशी फोन बदलू नका. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणारे) ॲप असेल तर त्यातले कोड जुना फोन देण्याआधी निर्यात करा.

गॅस्केट

केंद्रात फोन द्यायच्या आधी तीन गोष्टी. *#०६# दाबून आयएमईआय लिहून ठेवा आणि पावतीवर तोच आहे ना ते बघा. सिम काढून घ्या. मग सेटिंग्जमध्ये डिव्हाइस केअरखाली मेंटेनन्स मोड आहे, तो चालू करा. फोन एकदा बंद होऊन सुरू होतो, तुमचे फोटो, मेसेज, बँकेची ॲप्स दिसत नाहीत, पण कारागिराला तपासणी करता येते. पासवर्ड मागितला तर द्यायची गरज नाही. फोन परत घेताना तिथेच उभे राहून चार्जर लावा, थेंबाचे चिन्ह येते का बघा, वायरलेस चार्जिंग तपासा, आणि कडेवरून नख फिरवून झाकण कुठे उचललेले नाही ना ते पाहा.